टीव्हीची सावड

भात पिकलं की उंबरवाडीत माणसाला माणूस पुरत नाही. वाडी वरंध गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराने कडेवर घेतल्यासारखी. तरणी माणसं मुंबईला, नाहीतर महाडच्या कारखान्यांत. मागं उरले ते म्हातारे, सुना आणि गुरं. त्यामुळे कापणी सावडीवर चालते. आज तुझ्या खाचरात माझ्या घरचा विळा, उद्या माझ्या खाचरात तुझ्या घरचा. याचा हिशेब कुणी मांडत नाही आणि कुणी विसरतही नाही.

या नेमातून एकच घर सुटलं होतं, गोमाजीचं. गोमाजीचं भात पिकलं की अख्खी वाडी आधी त्याच्या शेतात उतरायची, आणि गोमाजीच्या घरचं मात्र कुणी कुणाकडं जायचं नाही. असं कुणी ठरवलं नव्हतं. वाडीतला एकुलता एक चालू टीव्ही त्याच्या ओटीवर होता, एवढंच. बाकीच्यांच्या टीव्हीच्या छत्र्या चक्रीवादळात उडाल्या, काहींचे टीव्ही विजेनं जळले. पोरांना सांगितलं तर पोरं म्हणाली, आता टीव्ही कोण बघतं, आणि त्यांनी मोबाईल पाठवून दिले. मोबाईलला रेंज येते ती खिंडीत. संध्याकाळी खिंडीत मालिका बघायची तर बिबट्याला शेजारी बसवून बघावी लागेल. गोमाजीनं मात्र महाडहून मुराद मेकॅनिकला बोलावून आपली छत्री पुन्हा बसवून घेतली होती, आणि रिचार्ज त्याचा मुलगा मारायचा.

गोमाजी टीव्हीचा एक पैसा कुणाकडून घेत नसे. तेवढा तो भला होता. फक्त भात पिवळं पडलं की टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचा, "उद्यापास्नं विळा लावतोय." बस. सकाळी वाडी त्याच्या बांधावर हजर. याला त्याच्या पाठीमागं सगळे 'टीव्हीची सावड' म्हणायचे आणि हसायचे. हसायचे आणि जायचे.

हैबतीला हे कधीच पटलं नव्हतं. तो टीव्ही बघत नसे. "मानसं डब्यात कोंडल्यात, त्यांचं काय बगायचं?" म्हणून तो संध्याकाळी गोठ्यात जाऊन बैलाशी बोलत बसायचा. बैल उलट बोलत नाही, हा बैलाचा मोठा गुण.

पण त्याची बायको बनुबाई दोघांच्या वाटचं बघायची. आणि नुसतं बघायची नाही, तर विचारायची. "हे कुटं आलं?" "यांच्यात गुरं कोन राखतं?" "एवढ्या बर्फात बायका धुनं कुटं वाळत घालत्यात?" उत्तर कुणालाच येत नसे. मग ती स्वतःच एक उत्तर ठरवायची आणि दुसऱ्या दिवशी कापताना सगळ्या ओळीला सांगायची. कापूस झाडाला बोंडात येतो, आणि ते बोंड उकलून हातानं वेचावं लागतं, हे तिला साठी उलटल्यावर टीव्हीवर कळलं. त्यानंतर आठवडाभर ती आपल्या लुगड्याचा पदर चिमटीत धरून बघत होती. बायका म्हणायच्या, टीव्हीपेक्षा बनुबाईचं सांगणं बरं.

यंदा घोळ झाला तो गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भातानं. हैबतीचं खालच्या पट्टीतलं भात आणि गोमाजीचं भात एकदमच पिकलं. दुपारनंतर वरंधा घाटाकडं ढग चढायला लागले होते. पिकलेलं भात उभं राहिलं तर दाणा गळतो, आणि आडवं पडून भिजलं तर जागेवरच मोड येतात. हैबतीच्या घरात ते भात म्हणजे वर्षाची पेज. बाकी मग मुलगा राहुल मुंबईहून काय पाठवील ते.

हैबती गोमाजीच्या अंगणात गेला. गोमाजी दोरी वळत बसला होता.

"दादा, औंदा माजी पट्टी आदी घेऊ. दोन दिसांचं काम हाय. मग सगळी तुज्याकडं."

"मी सांगितलंय सगळ्यांस्नी."

"सांगितलंय तर फिरून सांग. माजं झडाय लागलंय."

गोमाजीनं दोरीला पीळ दिला. "हैबती, तुज्या घरची मानसं रोज येत्यात नव्हं ओटीवर? मी कधी काय बोललो?"

"मी नाय येत."

"बनुबाय येती."

"मग बनुबायला सांगतो, येऊ नको. आनि माजा विळाबी येनार नाय." एवढं बोलून हैबती परत फिरला. घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा बनुबाई ताक घुसळत होती. तिनं रवी थांबवली.

"माजा इळा तुमी कोन ठरवनार?"

"मी घरचा मानूस हाय."

"आनि मी कोन, पावनी?"

सून वैशाली चुलीपाशी मान खाली घालून हसली. पण दुसऱ्या दिवशी तिघांतलं कुणीच गोमाजीच्या शेतावर गेलं नाही; तो दिवस घरचं खळं सारवण्यात गेला. नवऱ्याशी भांडण घरात, बाहेर घर एक, ही बनुबाईची रीत.

संध्याकाळी मात्र तिचा पाय राहिना. भांडण शेताचं, त्यात टीव्हीचा काय दोष, असं मनाशी म्हणत ती गोमाजीच्या ओटीवर गेली आणि नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसली. टीव्हीवर कुठल्याशा वाळवंटातली बाई उंटाचं दूध काढत होती, उभ्यानं, एक पाय दुमडून त्यावर भांडं ठेवून. बनुबाई पुढं सरकली. "अगो बाय, ही एका पायावर..."

तेवढ्यात गोमाजीनं आतल्या अंगाला बघून खुणावलं. त्याची बायको राहीबाई पुढं आली आणि तिनं भिंतीवरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"लाईट गेली," राहीबाई म्हणाली.

ओटीवरचा बल्ब लख्ख पेटलेला होता. त्याच्याकडं सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. राहीबाई कुणाच्याच तोंडाकडं न बघता आत गेली. बनुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. आयुष्यात तिला पुष्कळ जण बोलले होते, पण बोलल्याविना असं कुणी उठवलं नव्हतं. पायरी उतरताना मागून शेजारच्या चांगूच्या बायकोचा आवाज आला, "हिच्यापायी आमचंबी गेलं." हे तिला लाईटपेक्षा जास्त लागलं.

सकाळी हैबतीच्या पट्टीत तिघंच उतरली. दवानं भात ओलं होतं. ओलं भात कापलं की पानं बोटांना चिरा पाडतात आणि चिरांत दवाचं पाणी झोंबतं. हैबती एका कडेनं, वैशाली दुसऱ्या कडेनं, बनुबाई मध्ये. तिघांच्या ओळीला ओळ म्हणायची तरी कशी? दहा विळे एका सुरात चालतात तेव्हा कंबर दुखत असल्याचं घरी गेल्यावर कळतं. तिघांत ती दर मुठीला कळते. वरच्या अंगाला गोमाजीच्या शेतातून बायकांचं हसू ऐकू येत होतं. मध्येच कुणीतरी पट्टीकडं बघायचं आणि हसू बारीक व्हायचं. दुपारपर्यंत तिघांनी पट्टीचा एक कोपरा मोकळा केला. बनुबाई बांधावर बसली तेव्हा तिच्या हातातून विळा सुटेना. वैशालीनं एकेक बोट उकललं आणि त्यावर तेल चोळलं.

"आई, तुमी दोन दिस तिकडं गेला असतात तर सगळी आली असती इकडं."

"व्हय. आनि ह्यांनी वरसभर तोंड फुगवलं असतं."

"मग आता?"

बनुबाईनं ढगाकडं बघितलं. "आता बगायचं," ती म्हणाली.

त्याच दुपारी ग्रामसेविका वाडीवर आली. तेजश्री मॅडम म्हणजे चढ चढून धापा टाकत वर येणारी आणि आल्या आल्या पाणी मागून सगळ्यांना आपलंसं करणारी मुलगी. पुढच्या वर्षाच्या कामांसाठी वाडीची सभा होती. देवळात सतरंजी अंथरली. कापणी सोडून लोक आले खरे, पण अर्धं लक्ष शेतात.

"वाडीला सगळ्यात जास्त गरज कशाची आहे, ते तुम्ही सांगायचं," मॅडम म्हणाल्या.

गोमाजीनं तयार असल्यासारखं सांगितलं, "पाखाडी. देवळापासनं वर दगडी पायऱ्या पायजेत." त्या पायऱ्या वर त्याच्याच अंगणात जाऊन संपणार होत्या, पण तेवढं चालायचंच.

"आणखी कुणाचं काही?"

"टीव्ही," मागून आवाज आला.

मॅडमनी मान उंचावली. बनुबाई उभी राहिली होती. "टीव्ही पायजे. सरकारनं द्यावा. हितं, देवळात लावायला."

आधी पुरुष हसले, मग बायका. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू आवरल्याचं दिसत होतं.

"आजी, पाणी, रस्ता, दवाखाना या गरजा झाल्या. त्या सरकारनं द्यायच्याच. टीव्ही म्हणजे करमणूक. ती ज्यानं त्यानं आपली बघायची."

"तेच म्हनतो मी," गोमाजी म्हणाला. "टीव्ही काय गरज हाय? चैनीची वस्तू ती. नसली म्हनून मानूस मरत नाय."

बनुबाई त्याच्याकडं वळली. "मरत नाय ना? मग ही सगळी वाडी आपली झडती भातं टाकून तुज्या शेतात का कापतीय रे, दादा?"

गोमाजीनं खाकरून घेतलं.

"पोटासाठी मानूस राबतो तशी आमी ह्या डब्यासाठी राबतो, मॅडम," बनुबाई म्हणाली. "कुनी सक्ती नाय केली. आपल्या पायानं जातो. गरज नसती तर कोन गेलं असतं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि आता सगळंच विचारावंसं वाटत होतं. चांगू मध्येच म्हणाला, "वादळाचा इशाराबी येतो टीव्हीवर. तेवढ्यासाठी तरी पायजे."

"मी इशारा बगाया जात नाय," बनुबाईनं त्यालाही उडवलं. "खोटं कशाला?"

"मग काय बघायला जाता?" मॅडमनी विचारलं.

हे बनुबाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "लोक कसे ऱ्हात्यात ते. मी वरंध पाह्यलं, महाड पाह्यलं. सव गावच्या गरम झऱ्यात एकदा पाय बुडवले. मुंबईला लेकाकडं गेले तर त्याच्या खोलीची भिंत पाह्यली. एवढं बगून मरायचं का मानसानं?"

हैबती दाराशी उकिडवा बसला होता. मॅडमनी त्यालाही विचारलं. तो बायकोच्या बाजूनं बोलेल असं सगळ्यांना वाटलं.

"मला इचाराल तर देऊ नये," हैबती म्हणाला. "सरकारनं दिलेल्या डब्यात सरकारच बोलनार. शिवाय फुकट आलेल्या वस्तूची सावड कवा ना कवा द्यावी लागती. आमी एक देतोयच."

यावर मॅडम चांगल्याच विचारात पडल्या. दोघं नवराबायको, दोघांचं म्हणणं उलटं, आणि दोघांचंही खोडता येईना. शेवटी त्या म्हणाल्या, "हे कुठल्या कामात बसतं ते मला खरंच माहीत नाही. मी वर विचारीन. पण आधी वाडीनं मागितलं पाहिजे. ज्यांना हवाय त्यांनी हात वर करा."

बनुबाईचा हात वर गेला. पाठोपाठ वैशालीचा. बाकीच्या बायका गोमाजीकडं बघत राहिल्या, कारण संध्याकाळी त्यांना त्याच्याच ओटीवर बसायचं होतं. पुढं बसलेल्या राहीबाईचा हात उचलला गेल्यासारखा झाला आणि डोक्यावर जाऊन थांबला.

"तुमचा हात आहे का हा?" मॅडमनी विचारलं.

"नाय नाय. पदर सारखा केला." राहीबाईनं खरोखरच पदर सारखा केला.

"पुढच्या सभेत पुन्हा बघू," म्हणून मॅडम उतरल्या. घरी जाताना बनुबाई नवऱ्याच्या दहा पावलं पुढं चालत होती.

"मी खोटा हात वर करनार नाय," मागून हैबती म्हणाला.

"कोन म्हनतंय करा?"

"मग रागावलीस कशाला?"

"रागवायला मला तुमची परवानगी लागती का?"

हैबतीला मनातून वाईट वाटलं होतं. सगळ्या सभेत आपल्या बायको-सुनेचेच हात वर दिसले, आणि आपला खाली, हे त्याला रात्रभर डाचत राहिलं. पण कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं.

सकाळी ढग आणखी खाली आले होते. गोमाजीकडं शेवटचे भारे वाहायचे आणि झोडणीला लागायचं म्हणून बायका त्याच्या खळ्यापाशी जमल्या. तेवढ्यात घरातून राहीबाई बाहेर आली. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, हातात विळा. खळं ओलांडून, बायकांच्या मधून, एक शब्द न बोलता ती खाली हैबतीच्या पट्टीकडं चालू लागली.

बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. जिच्या ओटीसाठी हे सगळं, तीच पलीकडं चालली तर इथं थांबायचं कुणासाठी? चांगूच्या बायकोनं आधी पदर खोचला. मग एकेक करत सगळ्याच उतरल्या.

बनुबाईनं राहीबाईला बांधावर पाहिलं आणि ती तशीच वाकून कापत राहिली. त्या रात्रीचं बटण तिच्या मनातून गेलं नव्हतं. राहीबाई तिच्या शेजारी ओळीत आली, वाकली, आणि तिनं पहिली मूठ कापली. हात सराईत होता.

"बटन मी दाबलं," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं, मी दाबलं. लई वंगाळ केलं."

बनुबाईनं पुढची मूठ कापली.

"खरं सांगू? मला बरंबी वाटलं दाबून."

आता बनुबाई सरळ झाली. "का गो?"

"नऊ-धा वरसं झाली टीव्ही आनून. तुमी सगळी ओटीवर. मी आत. कुनाला पानी, कुनाला चा, पोरांना बाहेर बसवा, तुमी गेल्यावर झाडून काढा. एक कार्यक्रम म्हनून मी पयल्यापासनं शेवटपर्यंत पाह्यला नाय, बनुबाय. नुसता ऐकते, चुलीपाशी बसून. आनि तुमी मोठ्यानं हसता."

दोन्ही बाजूंचे विळे थांबले होते.

"काल हात वर करनार व्हते," राहीबाई म्हणाली. "सरकारनं द्यावा आनि देवळात लावावा. मंग मीबी तुमच्यासारखी जाऊन बसंन. घरची चूल देवळात येनार नाय ना."

इतकी वर्षं त्या ओटीवर बसून बनुबाईनं दुनियाभरच्या बायकांची चौकशी केली होती, कोण धुणं कुठं वाळत घालतं, कोण गुरं राखतं. आणि भिंतीपलीकडच्या बाईचं तिनं कधी विचारलं नव्हतं. तिनं राहीबाईच्या पाठीवर हात ठेवला. "कंबर बांध आदी," ती म्हणाली. "नायतर उद्या उठायची नायस."

दिवस वर आल्यावर गोमाजी बांधावर आला. "अगो, भाकरी कोन टाकनार?"

"पीठ डब्यात हाय," राहीबाई न बघता म्हणाली. ओळभर हसू पसरलं. हैबतीनंही तोंड फिरवून हसून घेतलं. गोमाजी थोडा वेळ तिथंच घोटाळला, मग परत गेला.

पट्टी दुपार कलायच्या आत मोकळी झाली. भारे वाहून, खळ्यात त्यांची उडवी रचून वर पेंढा टाकला, तेव्हा कुठं पलीकडच्या डोंगरावर पाऊस उतरला. इकडं नुसते शिंतोडे आले. हैबती उडवीला हात लावून उभा होता. "झालं," तो म्हणाला, आणि राहीबाईकडं बघून त्यानं हात जोडले. त्याच्या हातून हे एरवी देवळातसुद्धा घडत नसे.

संध्याकाळी कुणी गोमाजीच्या ओटीवर गेलं नाही. सगळ्यांच्या कंबरा मोडल्या होत्या, आणि राहीबाई हैबतीच्याच पडवीत पाय पसरून वैशालीचा चहा पीत बसली होती. दिवेलागणीला गोमाजी अंगणात येऊन उभा राहिला.

"टीव्ही लावलाय," तो म्हणाला. "कोनी आलं नाय."

"लाईट हाय का?" बनुबाईनं विचारलं.

गोमाजीनं ते मुकाट्यानं गिळलं. "एकट्याला बगवत नाय. कोन काय करतंय तेच कळत नाय. तू सांगतीस तवा उमगतं."

"येतो. पन राहीबाय पुढं बसनार. आनि पानी तू द्यायचं."

गोमाजीनं बायकोकडं बघितलं. ती चहाच्या कपात बघत होती. "देतो की," तो म्हणाला.

राहीबाईला अगदी पुढं बसवलं. पहिल्यांदा जाहिरात लागली तशी ती सवयीनं उठायला गेली. बनुबाईनं तिला हात धरून खाली बसवलं. गोमाजी तांब्या घेऊन इकडून तिकडं फिरत होता आणि मध्येच टीव्हीसमोर उभा राहून शिव्या खात होता. मालिका तशी साधीच होती. सासू रागावली, सून रडली, एक माणूस गडगडाटी हसला. राहीबाई श्वास धरून बघत होती. बनुबाईनं आज एकही प्रश्न विचारला नाही. ती टीव्हीपेक्षा राहीबाईकडंच जास्त बघत होती.

मालिका संपली. राहीबाई हलली नाही.

"संपलं?" तिनं हळूच विचारलं.

"संपलं."

"तो हसनारा म्हनजे हाच?"

"हाच की."

"आगो बाय! चुलीपाशी ऐकताना मला वाटायचं, केवडा थोरला मानूस आसंल. हा तर एवडासा हाय." ती काळ्या पडद्याकडं बघत राहिली. "आनि ती सासू. तिला मी चांगली समजत व्हते."

"वाईट वाटलं का गो?"

राहीबाईनं विचार केला. मग मांडी नीट घातली, पदर आवरला आणि म्हणाली, "उद्या परत बसते. आज मी नुसती तोंडंच पाह्यली. अजून त्यांची घरं बगायची ऱ्हायल्यात."